एकसष्टचे गणित आणि पाटणचा मठ

आज मी एका संख्येबद्दल बोलणार आहे: १,७६,६३,१९,०४९.

प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणायचे, त्यात १ मिळवायचा आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवे. ६१ ऐवजी ६० घ्या, ४ वर काम भागते: १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र लहानात लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०! आणि मिळणारा वर्ग आपल्या संख्येचा. सेकंदाला एक याप्रमाणे अहोरात्र तपासत बसलात, तरी सात वर्षे उलटतील.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण 'बीजगणिता'त चक्रवाल रीतीने सोडवले. पहिली पायरी पाहा. ८ चा वर्ग ६४, ६१ पेक्षा ३ ने जास्त. हा ३ म्हणजे क्षेप. आता ८ मध्ये असा अंक मिळवायचा, की बेरजेला ३ ने भाग जावा आणि त्या अंकाचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. तो अंक ७. आठ नि सात पंधरा, भागिले तीन, पाच. पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. क्षेप आला उणे ४. इथून पुढे ब्रह्मगुप्ताची 'भावना', म्हणजे जोड्या गुणून नवी जोडी काढण्याची रीत, वापरली की २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी हाती येते. आता आपल्या संख्येतून १ वजा करा: उरते ती बरोबर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट. १ मिळवा: ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. एवढ्या अवाढव्य संख्येच्या दोन्ही बाजूंना अशी शिस्त असावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

चक्रवाल भास्कराचार्यांनीच शोधले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बरोबर नाही. अकराव्या शतकातल्या उदयदिवाकराने जयदेव नावाच्या गणितज्ञाची ही रीत आधीच नोंदवली आहे. भास्कराचार्यांनी ती ६१ सारख्या अवघड जागी चालवून दाखवली. १६५७ मध्ये फर्माने फ्रान्समध्ये हाच ६१ आव्हान म्हणून मांडला, तेव्हा उत्तर पाचशे वर्षे आपल्याकडे लिहिलेले होते. पूर्ण वर्ग नसलेल्या कोणत्याही संख्येला असे उत्तर असतेच, याची सिद्धता मात्र लाग्रांजने अठराव्या शतकात दिली.

आता आचार्यांच्या मागाने आपल्या खानदेशात येऊ. धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव गाठा. तिथून पाटण जवळच, डोंगराच्या पायथ्याशी. आचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे हेच पाटण का, यावर वाद आहे. मठावर नाही. भाऊ दाजींनी उजेडात आणलेला देवीच्या देवळातला शिलालेख सांगतो, की आचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने 'सिद्धान्तशिरोमणी' शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. ही १२०७ ची गोष्ट. लेख संस्कृतात आहे. पण मठाच्या खर्चासाठी कोणी काय द्यायचे, हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत कोरल्या आहेत.