राजूरचा पाहुणचार

राजूर म्हटले की यवतमाळ जिल्ह्यातला माणूस दोन गोष्टी सांगतो. कोळसा आणि चुना. वणी तालुक्यातले हे गाव. खाणीचे म्हणून ‘राजूर कॉलरी’ हेच त्याचे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. तेव्हा मी तिकडे सहलीला निघालो असे सांगताच मित्र हसले. “तिथं पाहायचं काय? धूळ?”

धूळ आहे, हे कबूल. पण तुम्ही फाल्गुनात जाऊन पाहा. गावाबाहेर पळस फुललेला असतो आणि पहाटे रानाकडून मोहाचा गोडसर, किंचित आंबूस वास येतो. मोहाची फुले रात्रीतून गळतात, म्हणून वेचणाऱ्या बाया उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर. शहरी माणसाला मोह म्हटले की दारूच आठवते! पण ही फुले वाळवून ठेवतात, उकडून खातात, भाकरीच्या पिठातही घालतात. पुढे फळांतल्या बियांचे तेल निघते. एक मात्र ध्यानात ठेवा. झाड रानातले असले तरी त्याखालची फुले बहुधा कुणाच्या तरी घरची कमाई असते. गंमत म्हणून ओंजळ भरू नका. मागितलीत तर आनंदाने देतील. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे. ती आग पुष्कळदा रानात शिरते, कोवळी रोपे जळतात. एका म्हाताऱ्या बाईला मी हे भीत भीत म्हटले. ती म्हणाली, “मले समजते, भाऊ. मी झाडूनच घेतो. पन कंबर तुमची नाही दुखत.” यावर मी काय बोलणार?

या भागात कोलामांची वस्ती आहे. त्यांच्या वाडीला ‘पोड’ म्हणतात. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या गोतातली. पोडावर जायचे तर ओळखीचा माणूस बरोबर घ्या, आणि तमाशा पाहायला आल्यासारखे उभे राहू नका.

आता जेवणाचे. खानावळीत शिरलात तर गावोगावी मिळते तेच ताटात पडेल. त्यापेक्षा कुणाच्या शेतावर रोडग्यांचा बेत असेल तर आमंत्रण मुळीच सोडू नका. गव्हाची जाडसर कणीक, तेलाचे मोहन, मीठ, ओवा. घट्ट मळून गोळे करायचे. गोवऱ्यांची धग बसली, ज्वाळा गेल्या, की गोळे निखाऱ्यांत ठेवायचे आणि वरून राख ओढायची. मग वाट पाहायची. घाई केली तर आत कच्चे राहतात. माझी एस.टी. दुपारची होती, दोनदा घड्याळ पाहिले तेव्हा यजमान म्हणाले, “मोटर उद्याही येते नं!” राख झटकून, मुठीने फोडून, वर तूप ओतलेला तो रोडगा, शेजारी वांग्याची झणझणीत रस्साभाजी, आणि हे सारे पळसाच्या पत्रावळीवर. सकाळी ज्या झाडाचे फूल पाहिले, दुपारी त्याचेच पान पुढ्यात! गाडी अर्थातच चुकली.

त्या मुक्कामामुळे वणी पाहून झाली. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म तिथला, १८८० सालचा. रंगनाथस्वामींच्या देवळातही जाऊन आलो. सवड असेल तर वर्धा आणि पैनगंगा जिथे मिळतात तो वढ्याचा संगमही जवळच आहे; कार्तिकात तिथे यात्रा भरते. टिपेश्वरचे अभयारण्य पांढरकवड्याकडे. तिथे वाघ आहेत, पण वाघ दिसेलच असे धरून जाऊ नका.

निघताना यजमानीणबाईंनी वाळल्या मोहाची पुरचुंडी हातात दिली आणि बजावले, “आता भुलाबाईच्या वक्ती या.” भुलाबाई म्हणजे भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींनी घरोघर म्हटलेली गाणी. गाणी संपली की झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून बघायला मिळतो, पण उघडायचा नाही.

मी अजून गेलेलो नाही. यंदा जाणार आहे.