हुमणीने खाल्लेले लॉन

गणपती उठले, पाऊस ओसरला, की ठाण्यातल्या कोलशेतच्या गृहसंकुलांतल्या लॉनवर तांबूस-पिवळे चट्टे दिसू लागतात. माळी पाणी वाढवतो, मग युरिया फेकतो. चट्टा पसरतच राहतो. अशा वेळी कडेचे गवत मुठीत धरून ओढावे. मुळे घट्ट असतील तर दोष बहुधा साचलेल्या पाण्याचा किंवा बुरशीचा असतो. खाडीलगतच्या चिकट मातीत आणि भरावावर दोन्ही नेहमीचेच. गवत गोधडीसारखे अलगद उचलून आले आणि खाली चंद्रकोरीसारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरट अळी सापडली, तर ती हुमणी. साळुंक्या एकाच जागी माती उकरत असतील, तर त्यांना ती आधीच सापडलेली असते.

लष्करी अळीची गोष्ट वेगळी. ती रात्री पाने कुरतडते, मुळांना हात लावत नाही. साबणाचे पाणी ओतले की वर येते. वेचून काढली तर हरळी आपोआप फुटते. हुमणीने मात्र मूळच तोडलेले असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात हुमणी पूर्ण वाढलेली असते. तेव्हा औषध ओतून फारसे साधत नाही. लवकरच ती खाणे थांबवून कोषात जाते. म्हणून हाच काळ डागडुजीचा. मेलेले गवत खरवडून माती वीतभर खणावी आणि उघडी ठेवावी. दोन-तीन दिवसांत पक्षी अळ्या वेचतात. मग निंबोळी पेंड आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. स्वस्तात मिळालेल्या कच्च्या खतातून नव्या अळ्याच विकत घेतल्या जातात. शेजारच्या निरोगी भागातल्या हरळीच्या मुळांसकट कांड्या चार-चार बोटांवर दाबून लावाव्यात, माती चोपावी आणि रोज हलके पाणी द्यावे. पोडियमवरच्या लॉनला, जिथे स्लॅबवर जेमतेम फूटभर माती असते, ऑक्टोबरच्या उन्हात दोन वेळा. कांड्या धरेपर्यंत त्यावर खुर्च्या मांडू नयेत. नेमकी दिवाळी मध्ये येते. पहिली कापणी हलकी, पात्याचा वरचा तिसरा हिस्सा तेवढाच.

पुढच्या वर्षीचा बंदोबस्त वळवाच्या सरींबरोबर सुरू होतो. तेव्हा हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते साबणाच्या पाण्यात बुडवावेत. त्यातूनही अंडी घातली गेली, तर जुलै-ऑगस्टात, अळ्या लहान आणि माती ओली असताना, मेटारायझियम ही बुरशी मुळांशी द्यावी.