लाटांवरचे शीड : कुठे शिकावे, कसे शिकावे

शिडाची होडी कोकणाला नवी नाही. गलबत, मचवा, पडाव ही नावे तुमच्या कानांवरून गेलेली असतील. पण एका फळीवर उभे राहायचे, शीड आपल्याच हातांनी पेलायचे आणि सुकाणूचे काम आपल्याच अंगाकडून करून घ्यायचे, ही कल्पना मात्र तशी अलीकडची. अमेरिकेत पेनसिल्वेनियात न्यूमन डार्बी याने १९६४ साली अशी शिडाची फळी तयार केली. पुढे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी डोलकाठीच्या बुंध्याशी सगळ्या बाजूंना वळणारा सांधा बसवला आणि १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. आपल्याकडे ईबाद अली या तरुणाने २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धांत यात कांस्यपदक मिळवले. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. आपणही तेच म्हणू; भाषांतराच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

आमच्या महाविद्यालयातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला विचारले, की सर, धरणाच्या पाण्यावर मला हे बऱ्यापैकी जमते, आता पंधरा दिवसांची रजा आणि चार पैसे गाठीला आहेत, तर लाटांवर शिकायला थेट हवाई बेटांवर जाऊ का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकले तर पैसे जातात, हात मोडतो, आणि कधी कधी माणूसही जातो. म्हणून आज हाच विषय.

पहिली गोष्ट अशी, की धरणाचे पाणी आणि लाटांचे पाणी हे एकाच खेळाचे दोन वर्ग नव्हेत. त्या जवळजवळ दोन वेगळ्या विद्या आहेत. लाट फुटते तेव्हा काय होते ते पाहा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली, की लाटेचा माथा पुढे कोसळतो. म्हणजे एक मीटरची लाट फुटते ती जेमतेम सव्वा-दीड मीटर पाण्यात. तुमच्या डोलकाठीची उंची चार मीटर! शीड पाण्यात पडले, लाट वरून आली आणि डोलकाठीचे टोक तळाला टेकले, तर ती काडीसारखी मोडते. शिकाऊ माणसाची पहिली डोलकाठी बहुधा अशीच जाते. आणि लाटा एकसारख्या येत नाहीत, त्या झुंडीने येतात. तीन-चार मोठ्या, मग थोडी उसंत. ज्याला ही उसंत ओळखता येत नाही, तो नेमका चुकीच्या वेळी पाण्यात शिरतो.

म्हणून लाटांकडे जाण्याआधी सपाट पाण्यावर दोन गोष्टी अगदी अंगवळणी पडलेल्या हव्यात. एक, कमरेच्या पट्ट्याला शीड अडकवून जोरदार वाऱ्यात तोल न जाता चालणे. दुसरी, आणि खरी परीक्षा तीच, पाण्यात पोहत असताना शिडात वारा भरून घेऊन त्याच्या ओढीने फळीवर उचलले जाणे. नवखा माणूस फळीवर उभा राहून दोरीने शीड ओढून वर घेतो. लाटांत हे चालत नाही. शीड अर्धे वर येईपर्यंत पुढची लाट तुम्हाला पाडते. त्या पाण्यातल्या उठण्यात दहापैकी आठ वेळा यश येत नसेल, तर लाटांचे नाव काढू नका. कटू वाटेल, पण इथे सवलत नाही.

आता वाऱ्याची दिशा. माझ्या मते जागा निवडताना नव्वद टक्के विचार याचाच करावा. वारा समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर येत असेल, तर तो तुम्हाला सतत मागे ढकलतो. फुटणाऱ्या लाटांची रांग ओलांडायला वेग हवा, आणि वेग घ्यायला वाटच मिळत नाही. दिवसभर फेसात लोळून संध्याकाळी माणूस घरी. उलट, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर मोठे फसवे दृश्य दिसते. किनारा शांत, लाटा कापून ठेवल्यासारख्या सुबक, पाणी काचेसारखे. नवशिक्या भुलतो तो इथेच. त्या वाऱ्यात काही मोडले किंवा हात थकले, तर वारा तुम्हाला परत आणत नाही, खोल समुद्रात नेतो. शिकणाऱ्याला हवा तो किनाऱ्याला समांतर वाहणारा, आणि शक्यतो किंचित किनाऱ्याकडे झुकलेला वारा. असा वारा असला म्हणजे जाताही येते, येताही येते, आणि वाईटात वाईट झाले तर दोन फर्लांग पलीकडच्या वाळूवर तुम्ही आपोआप लागता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला एवढा मोठा किनारा असताना परदेश कशाला? शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. नोव्हेंबर ते मार्च सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारी खारा वारा समुद्रावरून. दुपारचा वारा सौम्य, लाटा बेताच्या. सपाट पाण्यावरचे पाठ गिरवायला हे दिवस उत्तम. गोव्यात तर राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. मग जून उजाडतो. वारा भरपूर, लाटा भरपूर, पण दोन्ही सरळ किनाऱ्यावर चालून येणाऱ्या, पाणी गढूळ, आणि जागोजागी बाहेर ओढणारे प्रवाह. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज आपला कोळी होडी लोटत नाही, ती काही नुसती रूढी नव्हे. वारा आणि लाट यांचे जमेल असे लग्न आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच जुळते. पावसाळ्यात इथे लाटांवर शिकू पाहणे हे धाडस नव्हे, अडाणीपणा आहे.

तेव्हा बाहेर जायचेच असेल, तर कुठे? हवाईतल्या माउई बेटावरचे होओकिपा हे या खेळाचे पंढरपूर. पण पंढरीला पोहायला शिकायला कोणी जात नाही! तिथे किनाऱ्याशी काळे खडक आहेत, प्रवाह जबर आहे, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटा अजस्र असतात, आणि पाण्यात जगातले निष्णात लोक असतात. ग्रान कनारिया बेटावरचे पोसो इस्किएर्दो हेही तसेच. उन्हाळ्यात तिथे वारा असा सुटतो, की उभे राहणे कठीण, किनारा गोट्यांचा. दोन्ही ठिकाणे पाहावीत, जरूर पाहावीत, पण किनाऱ्यावर बसून.

जागेत माझी पसंती शिडीला. म्हणजे अशी जागा, की जिथे थोड्याशा अंतरात सोपे, मध्यम आणि कठीण अशा तिन्ही पायऱ्या आहेत. स्पेनच्या कनारी बेटांपैकी तेनेरीफेच्या दक्षिण टोकाजवळ एल मेदानो नावाचे गाव आहे. गावासमोरच्या उपसागरात वाळू आहे, लाट लहान आहे, आणि ईशान्येचा व्यापारी वारा किनाऱ्याकडे थोडासा झुकून येतो. तिथे पाय स्थिरावले, की जवळच एल काबेसो. लाट मोठी, पण खाली ज्वालामुखीचा खडक, म्हणून पायात जोडे हवेत. विमानतळही जवळच. मोरोक्कोत एस्सौइरा शहराचा वाळूचा उपसागर आणि त्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवरचे मुले बुझेरक्तून, ही अशीच जोडी. पहिल्या जागी शिकावे, दुसऱ्या जागी फार तर शेवटच्या दोन दिवसांत जाऊन यावे.

केप टाउनमध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. त्या दिवसांत आग्नेयेकडून जो वारा सुटतो, त्याला तिथे 'केप डॉक्टर' म्हणतात. टेबल माउंटनवर ढगाची चादर पसरली, की तो आला असे समजावे. सुरुवात लांगेबानच्या खाजणात करावी. ते उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाणी सपाट आहे. मग ब्लाउबर्गच्या बाजूची बिग बे. पण तिथे वारा अधूनमधून जमिनीकडून तिरका येतो, त्यामुळे एकट्याने पाण्यात उतरू नये. आणि उन्हाळा आहे म्हणून पाण्याच्या उबेवर भरवसा ठेवू नका. अटलांटिकच्या त्या बाजूला थंड प्रवाह वाहतो. पूर्ण अंगाचा रबरी पोशाख नसेल, तर अर्ध्या तासात बोटे शिडाची नळी धरेनाशी होतात.

फळीचा हिशेब सोपा आहे, तरी दुकानात लोक तो विसरतात. लिटरमागे एक किलो भार तरतो. तुमचे वजन ७० किलो, फळी सातेक किलो, शीड-डोलकाठीचे आठ-नऊ. म्हणजे ८५ लिटरच्या खालची फळी तुम्ही उभे राहताच बुडू लागणार. निष्णात लोक ७५ लिटरची वापरतात, कारण त्यांचा वेगच त्यांना तारतो. तुम्ही ९५ ते १०० घ्या. आणि घ्या म्हणजे भाड्याने घ्या. लाटा सामान खातात. पहिल्या मोसमात विकत घेतलेले नवे शीड बघवत नाही.

पाण्यात पडल्यावर एकच नियम पक्का ध्यानात ठेवा. तुम्ही समुद्राच्या बाजूला, सामान किनाऱ्याच्या बाजूला. मधे तुम्ही सापडलात, तर लाट ती फळी तुमच्या अंगावर फेकते. खोल पाण्यात मात्र फळी सोडू नका. ती बुडत नाही, माणूस थकतो. प्रवाहाने बाहेर ओढले, तर त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. प्रवाह अरुंद असतात. लाटेवर जो आधी चढला तिच्यावर हक्क त्याचा, ही सर्वसाधारण रीत. पण बाहेर जाणाऱ्याने वाट द्यायची की आत येणाऱ्याने, याचे संकेत तिथल्या लोकांना विचारूनच पाण्यात शिरा.

राहता राहिला शिक्षक. जाहिरातीतल्या छायाचित्रांत तो किती उंच उडी मारतो, यावर जाऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा. एका वेळी किती शिष्य घेता? चारांच्या वर सांगितले, तर पुढे जा. वारा जमिनीकडून वळला तर काय करता? 'शिकवणी बंद' हेच उत्तर हवे. आणि शिकवणी कोणत्या वेळी? 'रोज दहाला' असे उत्तर आले तर थोडे सावध व्हा. 'भरती कधी आहे ते पाहून सांगतो' म्हणाला, तर त्याला आगाऊ पैसे द्यायला हरकत नाही. पहिल्या दिवशी त्याने तुम्हाला अर्धा-पाऊण तास वाळूवर नुसते बसवून लाटा मोजायला लावल्या, तर पैसे फुकट गेले असे समजू नका. मोजा. झुंडीत किती येतात, उसंत किती सेकंदांची, लाट डावीकडे आधी फुटते की उजवीकडे, आणि बाकीचे लोक कोणत्या जागेवरून आत शिरतात. मग शीड बांधा.