हार्ड डिस्कमधील बांध

निपाणीच्या शिवारात एकाने आपले रान नांगरले, तरी बांधापलीकडच्या उभ्या तंबाखूला नांगर लागत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्येही असे बांध घालता येतात. डिस्क अखंड असेल, तर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नवी घालताना बेळगावच्या एखाद्या शाळेतील मराठी-कानडी दाखलेही पुसले जावयाचे. म्हणून सिस्टिम एका भागात व कागदपत्रे दुसऱ्या भागात असावीत. वाटणीच्या पद्धती दोन. जुनी एमबीआर मुख्य भाग ४ च देते व साधारणतः २ टेराबाइटपुढे पोहोचत नाही. जीपीटी वाटणीच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राखते. नव्या यंत्रावर तीच इष्ट होय. मात्र डिस्कच निकामी झाली, तर बांध काय राखणार? दाखल्यांची प्रत अन्यत्र हवीच.