तिचं नाव पोस्टरवर, पुस्तकावर कुणाचं?
(नवेगाव बांध इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिला गेला तो 'संगीत रंगभूमीवरची लेखक-नटी'. विषय ऐकून आपल्यातल्या दोघातिघांनी तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं. संगीत नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शालू, नथ, ऑर्गन आणि पहिल्या रांगेतले अत्तर लावलेले शेठ. आपला काय संबंध? संबंध आहे. आणि तो झाडीपट्टीत येऊन सांगायचा म्हणजे आणखीच सोपं. इथं दिवाळी झाली की नाटकाचे तंबू लागतात, शंकरपटाच्या गावात रात्रभर नाटक चालतं, कोंबडा आरवेपर्यंत माणूस उठत नाही. वडशाला कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथं गावोगावचे लोक येऊन तारखा बुक करतात. पोस्टरवर नटीचा फोटो सगळ्यात मोठा. ती स्टेजवर गाते, रडते, नाचते, पहाटे गाडीत झोपते, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. तर ही बाई लिहिते का? तिनं लिहिलेलं कुठं छापलं जातं का? एवढाच माझा प्रश्न. पण त्याच्या पोटात बरंच काही आहे.

सुरुवात हिराबाई पेडणेकरांपासून करतो. सावंतवाडीकडची, नायकिणीच्या घरातली मुलगी. मुंबईत गिरगावात वाढली, मिशनच्या शाळेत शिकली, गाणं भास्करबुवा बखल्यांकडून घेतलं. जिला शाळेत पाठवायचं म्हटलं तर त्या काळी भल्या घरातले लोक नाक मुरडत, ती संस्कृत शिकली. १९०४ साली तिनं 'जयद्रथ विडंबन' लिहिलं. मग 'संगीत दामिनी'. हे 'दामिनी' १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं रंगभूमीवर आणलं. नीट ऐका. नाटक बाईचं. नायिका बाई. आणि ती नायिका उभी करायला पुरुष! कारण तेव्हाच्या मोठ्या संगीत कंपन्यांत बाईची भूमिका बाई करत नव्हती. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या बायकांच्या कंपन्या होत्या, पण त्यांना कुणी 'थोर परंपरा' म्हटलं नाही. त्यांचं नाव इतिहासात तळटीपेत. म्हणजे बाईनं बैठकीत गावं हे चालतं, तिच्या बैठकीला येऊन बसावं हेही चालतं, तिच्याशी नाटकाच्या गप्पा माराव्यात हेही चालतं. कोल्हटकर, गडकरी, देवल असे त्या काळचे मोठमोठे लेखक तिला ओळखत होते. पण ती स्टेजवर उभी राहिली तर नाटक बाटतं.

आमच्या लोकांना हा हिशेब नवा नाही. आमच्या हाताचं चामडं चालतं, हात चालत नाही.

पुढं काय झालं? हिराबाईंची लेखणी थांबली. गुहागरजवळ पालशेतला उरलेलं आयुष्य गेलं, तिथंच १९५१ साली त्या वारल्या. आणि १९७६ साली वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलं. कानेटकरांशी माझं भांडण नाही, त्यांनी निदान आठवण तरी ठेवली. पण गंमत बघा, तिनं लिहिलेल्या नाटकांपेक्षा तिच्यावर लिहिलेल्या नाटकाचं नाव लोकांना जास्त माहीत. लेखिका होती ती पात्र झाली. आपल्याकडं पात्र करून टाकणं हा विसरण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

आता दुसरी बाई. ही खरोखरीची संगीत रंगभूमीची नटी, आणि लेखकही. ज्योत्स्ना भोळे. मूळ नाव दुर्गा केळेकर, जन्म १९१४ चा, गोव्यात बांदिवडे इथं. घर कलावंतांचं, बहीण गिरिजाबाई केळेकर नावाजलेली गायिका. गोव्याचा कलावंत समाज म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण' हे आत्मचरित्र वाचावं. देवळाला बांधलेल्या बायका, त्यांची लेकरं, आणि बापाच्या नावाची जागा रिकामी. पुस्तकाचं नावच प्रश्न आहे. आपल्या मंडळींनी ते वाचलेलं नसतं, कारण आपण त्यांना 'गाणाऱ्या लोकांचं' म्हणून बाजूला ठेवलं. वाचा. जातीनं जन्माला घातलेला माणूस कसा बोलतो, ते त्यात सापडेल.

तर ही दुर्गा मुंबईला आली. १९३२ साली संगीत दिग्दर्शक केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. आणि १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' लावलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, मराठीत आणलं श्रीधर विनायक वर्तकांनी, केशवराव दाते दिग्दर्शक, संगीत भोळ्यांचं. रात्रभर चालणारं, पदांवर पदं आणि वन्समोअरवर वन्समोअर असलेलं नाटक मोडून आटोपशीर नाटक आणलं. आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. ज्योत्स्नाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. त्याआधी हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाट्यशाखा काढून, भावंडांना घेऊन बायकांना स्टेजवर आणलं होतं. पण मन्वंतर म्हणून गाजलं ते १९३३. का? हिराबाईंचं घर गाण्याचं, इकडं पुढाकार शिकलेल्या पांढरपेशांचा. क्रांती कुणी केली यावरून ती क्रांती की धंदा, हे ठरतं. माझं हे मत कुणाला कडू लागेल. लागू दे.

मग १९४२ साली मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू'. संगीत मास्टर कृष्णरावांचं. ज्योत्स्नाबाई त्यात भानुमती. सिनेमात काम करणारी, कमावणारी बायको आणि तिच्या कमाईनं, तिच्या नावानं दुखावलेला नवरा. नाटक तुफान चाललं, तिची गाणी घरोघरी गेली. इथं मी जरा थांबतो, कारण हा माझ्या दृष्टीनं सगळ्या विषयाचा गाभा आहे. नाटकाचं नाव 'कुलवधू'. 'कुलवधू' हा शब्द कशाच्या विरोधात जन्माला आलाय? कुलवंतीण आणि कलावंतीण. एक अक्षर इकडं तिकडं. शेकडो वर्षं हे दोन शब्द एकमेकींकडं पाठ करून उभे. आणि कलावंत घरातली बाई स्टेजवर उभी राहून कुळाच्या सुनेचं दुःख गाते, आणि कुळाच्या सुना थिएटरात बसून पदराला डोळे पुसतात. प्रेक्षकांतल्या किती जणांना हे जाणवलं असेल? मला वाटतं, बायकांना जाणवलं असेल. पुरुष गाण्याला वन्समोअर देत असतील.

ज्योत्स्नाबाई नुसत्या गायल्या नाहीत. त्यांनी 'आराधना' नावाचं नाटक लिहिलं. 'तुमची ज्योत्स्ना भोळे' हे आत्मकथन आलं. २००१ साली त्या गेल्या. त्यांच्या घरात लेखणी होतीच. केशवराव स्वतः संगीतावर लिहीत आणि तेही 'एकलव्य' या टोपणनावानं! (दोस्तांनो, आपल्या एकलव्याचं नाव किती जणांनी उसनं घेतलंय बघा. नाव घेता येतं, अंगठा कुणी मागत नाही.)

पण सगळ्या मराठी वाचकांचा 'नटाचं आत्मचरित्र' म्हटल्यावर पहिला हात कुठं जातो? गणपतराव बोडसांच्या 'माझी भूमिका'वर. चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'वर, ज्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चांगलीच पुस्तकं आहेत, मी दोन्ही आवडीनं वाचली. पण नटानं लिहिलं तर तो रंगभूमीचा इतिहास, आणि नटीनं लिहिलं तर तिच्या भानगडी. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' बघा. बाई बोलली, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, १९७० ला पुस्तक निघालं, १९७७ ला श्याम बेनेगलांनी त्यावर 'भूमिका' काढला. तिनं काय सोसलं आणि काय कमावलं, कमाई कुणी खाल्ली, हे त्या पुस्तकात उघडं लिहिलंय. पण लोक ते कशासाठी चाळतात? तुम्हाला ठाऊक आहे, मला सांगायला लावू नका.

आता आपल्या घरात येतो. नुसतं सदाशिव पेठेला झोडपून घरी जायचं, तर इथवर यायची गरज नव्हती. पवळा हिवरगावकर. संगमनेरकडच्या हिवरगावची महाराची पोर. तमाशाच्या फडावर बाई म्हणून उभी राहिली, पठ्ठे बापूरावांच्या कवनांना तिचा गळा मिळाला. बापूराव ब्राह्मण, म्हणून त्यांनी जात सोडली याची कथा शंभरदा सांगितली जाते. पवळेनं काय सोडलं याची कुणी सांगत नाही. आणि चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की, बापूराव खेळाच्या उत्पन्नातून बाबासाहेबांना देणगी द्यायला गेले, तेव्हा बाबासाहेबांनी आमच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून परत पाठवला. गोष्ट अशी तशी फिरते, पण तिच्यातला अर्थ खोटा नाही. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी हेच सांगितलं, हे जिणं सोडा. त्या बायकांची अब्रू हीच समाजाची अब्रू आहे, हे म्हणायला त्या काळी दुसरं कोण उभं होतं?

तरीही मला एक विचारायचंय. पैसा परत गेला तो बापूरावांच्या हातून आला आणि बापूरावांच्या हातात गेला. पवळेला कुणी विचारलं का, बाई, तुझं काय म्हणणं? ती लिहायला शिकली असती तर तिनं काय लिहिलं असतं? बाबासाहेबांनी दिलेला मार्ग इज्जतीचा. आपण मात्र त्या मार्गाचा अर्थ असा लावला की नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाईचा उल्लेखच नको. भीमगीतं गाणाऱ्या बाईला आपण जयंतीला बोलावतो, पाकीट देतो आणि पुढच्या जयंतीपर्यंत तिचं आडनावही विसरतो. तिच्याआधी भाषण करणाऱ्या पुढाऱ्याचं भाषण मात्र छापतो.

इथं या बांधाजवळ बसलोय म्हणून सांगतो. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं बांधला असं सांगतात. त्याचा पुढं देव झाला, कोलासुर, टेकडीवर त्याचं ठाणं आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्या सात देवींनी बांध घालायला मदत केली, अशी समजूत. पाटलाचं नाव राहिलं. बहिणींची? नुसता आकडा. सात.

झाडीपट्टीच्या नटीचं असंच होऊ घातलंय. या भागातल्या एका नटाला, परशुराम खुणेंना, २०२३ साली पद्मश्री मिळाली, आनंद आहे. पण तिच्या कंपनीतल्या बाईला रात्रीचे किती मिळतात, बाळंतपणात सीझन बुडाला तर कोण विचारतं, स्टेजवरून उतरताना अंधारात कोण हात धरतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?

यावर आपल्याकडं वाट आहे. शांताबाई कांबळे, बेबी कांबळे यांनी १९८६ च्या सुमारास स्वतःचं जगणं लिहून काढलं. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि नागपूरच्या मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. त्या दोघी गावोगाव, वस्त्यांत गेल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांसमोर बसल्या, विचारलं, लिहून घेतलं. अनुदान येईल, विद्यापीठ बोलावील म्हणून थांबल्या नाहीत.

म्हणून कामाचं बोलतो. या सीझनला आपल्यातले जे नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याचे आहेत त्यांनी नाटक बघायला जायचं, ते पहाटे नाटक सुटल्यावर परतायचं नाही. मागच्या बाजूला जायचं. आधी बाईला विचारायचं, ताई, बोलणार का? नाही म्हणाली तर नमस्कार करून यायचं. हो म्हणाली तर तिचीच भाषा लिहायची, झाडीबोली असेल तर झाडीबोली, शुद्ध करायची नाही. शब्दांकन म्हणून आपलं नाव टायटलवर मोठं टाकायचं नाही. लिहिता येणारी असेल तर वही तिच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं. लिहून झालेलं आधी तिला वाचून दाखवायचं, तिनं काट म्हटलं ते काटायचं. वह्या मी आणल्यात, पिशवीत आहेत. ज्यांना वडशाकडं जायचंय त्यांनी जेवणानंतर घेऊन जा, आणि कोण कुठल्या गावी जाणार ते या कागदावर लिहा.