ख्रिस्ती स्वर्ग आणि मनुष्याचें सुख

स्वर्ग प्रत्येकाला हवा असतो. परंतु तो मिळाल्यावर तेथें सुख वाटेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पुराणांतील स्वर्ग पुण्याच्या शिदोरीवर चालतो. शिदोरी सरली कीं जीव पुन्हा मृत्युलोकीं येतो, असें गीतेच्या नवव्या अध्यायांतच सांगितलें आहे. तेथील मुक्कामच थोडा, तेव्हां त्याचा वीट येण्याचें भय नाहीं. ख्रिस्ती स्वर्गाची गोष्ट निराळी आहे. तेथें गेलेला परत येत नाहीं. नव्या कराराच्या शेवटीं ‘प्रकटीकरण’ नांवाचा ग्रंथ आहे, त्यांत त्या नगरीचें वर्णन येतें. तेथें मरण नाहीं, शोक नाहीं, रात्र नाहीं. जीवनाच्या पाण्याची नदी वाहते आणि तिच्या तीरावरील वृक्ष दर महिन्याला फळ देतो. हें सुख अखंड आहे, आणि त्या अखंडपणामुळेंच दोन शंका उत्पन्न होतात.

पहिली शंका तृप्तीची. सातारा जिल्ह्यांतील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यांतील आटपाडी-जत या कोरड्या मुलखांतील शेतकऱ्याला त्या नदीचें महत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांनीं कृष्णेचें पाणी उपसून पूर्वेकडे नेलें. कालव्याला प्रथम पाणी येतें तेव्हां गांव जलपूजनाला लोटतो, नारळ फुटतात. पुढें कांहीं वर्षें गेलीं कीं तेंच पाणी नित्याचें होतें आणि पाळीवरून तंटे सुरू होतात. तहानेमुळें पाण्याला गोडी येते. जेथें तहानच नाहीं, तेथें गोडी कसली?

स्वर्ग म्हणजे उत्तम वस्तूंचें कोठार असें मानलें, तर या शंकेला उत्तर नाहीं. पण तेराव्या शतकांतील थॉमस ॲक्वायनस यानें परमसुख वस्तूंच्या लाभांत मानलें नाहीं. तें ईश्वराच्या साक्षात् दर्शनांत आहे, असें त्यानें प्रतिपादिलें. वस्तु जुनी होते, प्रिय माणसाचें मुख जुनें होत नाहीं. वारकऱ्याला हें सहज पटेल. मोक्षापेक्षां देवाची भक्ति आणि संतांची संगति गोड, हाच तुकारामाचा कल आहे. कवि नारायण वामन टिळक यांनीं आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें म्हटलें, त्यांत हें मर्म आहे.

दुसरी शंका याहून कठीण आहे, आणि ती टिळकांच्याच घरांत उभी राहिली. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागें राहिल्या. पतीला जें तारण वाटलें, तें पत्नीला वियोग म्हणून भोगावें लागलें. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं त्या वर्षांची हकीकत लिहिली आहे. पुढें दोघांचा संसार पुन्हा एकत्र झाला. जातिभेद देवानें केलेला नाहीं अशी स्वतःची खात्री पटल्यावर कांहीं काळानें लक्ष्मीबाईंनींहि बाप्तिस्मा घेतला. परंतु प्रत्येक घरीं असें होत नाहीं. कित्येकांचे आईबाप जुन्या श्रद्धेंतच डोळे मिटतात. तीं वेशीबाहेर राहिलीं, तर आंत गेलेल्या मुलाला सुख कसें होणार? त्यांना तो विसरला, तर तो पूर्वींचा मुलगा उरला नाहीं. आणि त्यांची आठवण राहिली, तर तो सुखी नाहीं. मध्ययुगांतील कांहीं धर्मपंडितांनीं असें उत्तर दिलें कीं, बाहेरच्यांची शिक्षा पाहून आंतल्यांना ईश्वरी न्यायाबद्दल आनंदच वाटेल. हें उत्तर शास्त्रांत बसेल, पण आईच्या मांडीवर वाढलेल्या माणसाच्या मनांत बसणार नाहीं.

टिळकांनीं या शंकेवर ग्रंथ लिहिला नाहीं; १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीनें साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत, ही कल्पना होती. १९१९ सालीं टिळक वारले आणि दरबाराला फार दिवस लाभले नाहींत. तथापि देवाच्या सभेचें दार किती रुंद असावें, याबद्दलचें त्यांचें मत त्यांतून स्पष्ट दिसतें.

या मताला खुद्द शुभवर्तमानांत आधार आहे. लूकानें सांगितलेला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरें सोडून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघतो. आणि तें एक सांपडलें म्हणजे स्वर्गांत आनंद होतो, असें येशूनें म्हटलें आहे. माणदेशांतील धनगर सांजेला मेंढरें मोजतो. एक कमी भरलें तर वाघर लावून तो स्वस्थ निजत नाहीं. ज्या स्वर्गांतील लोक एक कमी असतांना स्वस्थ निजतात, त्यांत वाईट माणूस सुखी होईल, चांगला होणार नाहीं. जेथें शोध थांबलेला नाहीं, असा स्वर्ग मात्र सुख देऊं शकेल.

त्या सुखाची संवय मरणानंतर लागत नाहीं. शुभवर्तमानांत देवाच्या राज्याला मेजवानीची उपमा आहे. जो येथें शेजाऱ्याच्या पंक्तीला बसूं शकत नाहीं, त्याला ती मेजवानी शिक्षाच वाटेल.