नाव कुणाचं आणि वाटा कुणाचा: लग्न मोडलं तर इथला कायदा काय म्हणतो

(बॉटनी डाउन्समध्ये आपल्या कामगार मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं बोलणं. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून लिहिलं आहे.)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या आहेत. वहिनी, तुम्हीही या, आजचा विषय तुमचाही आहे.

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन केला. म्हणाले, "कशाला असलं अभद्र बोलायचं? आपल्यात काही होत नाही तसलं." मी त्यांना एवढंच म्हटलं की स्कॅफोल्डिंगवर चढताना आपण हार्नेस बांधतो, म्हणजे आपल्याला पडायचं असतं का? बांधतो, कारण पडल्यावर बांधता येत नाही. हा कायदाही तसाच, आधी माहीत असलेला बरा.

मी वकील नाही. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला सुपरवायझर माणूस आहे. पण साइटवर दहा-पंधरा माणसं हाताखाली असली की जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या घरचंही कानावर येतं. दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकलीत की शेवटी कायदा काढून वाचला. पुरुष म्हणतो, "घर माझ्या नावावर आहे, तिचा काय संबंध?" आणि बाई म्हणते, "माझ्या नावावर काहीच नाही, मला काय मिळणार?" मंडळी, न्यूझीलंडमध्ये ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. आणि गंमत अशी की आपल्या गावाकडच्या जमिनीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहेत. आपला एक पाय इकडे, एक तिकडे. त्यामुळे दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय आपला हिशोब लागत नाही.

आधी इथलं बघू. कायद्याचं नाव प्रॉपर्टी रिलेशनशिप्स अ‍ॅक्ट, १९७६. पूर्वी तो फक्त लग्न झालेल्यांना होता. १ फेब्रुवारी २००२ पासून लग्न न करता जोडप्यासारखे एकत्र राहणाऱ्यांनाही लागू झाला. लग्नाआधी एकत्र राहिला असाल तर तो काळही धरतात. मूळ नियम सोपा आहे: नवरा-बायकोनं तीन वर्षं किंवा जास्त संसार केला असेल, तर संसाराची मालमत्ता निम्मी निम्मी. नाव कुणाचं, पगार कुणाचा जास्त, हे बघत नाहीत. चूक कुणाची, हेही सहसा बघत नाहीत. कोण भांडखोर, कुणाचं बाहेर काही होतं, यावरून वाटा कमी-जास्त होत नाही. त्यासाठी वागणं फारच टोकाचं असावं लागतं.

कायद्यात एक कलम आहे, १८ वं. ते सगळ्या पुरुषांनी ऐकून ठेवा. पैसे कमावणं हे पोरं सांभाळण्यापेक्षा किंवा घर चालवण्यापेक्षा मोठं योगदान आहे, असं धरून चालायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुम्ही पहाटे पाचला साइटवर जाता, तेव्हा डबा भरणारी, पोरांना शाळेत सोडणारी, संध्याकाळी ऑफिसं साफ करायला जाणारी बाई कायद्याच्या नजरेत तुमच्याइतकंच कमावते.

आता संसाराची मालमत्ता म्हणजे काय? इथं दोन ढीग करतात. एक सामाईक, म्हणजे रिलेशनशिप प्रॉपर्टी. दुसरा स्वतंत्र, म्हणजे सेपरेट प्रॉपर्टी. वाटणी फक्त पहिल्या ढिगाची होते.

सामाईक ढिगात पहिलं येतं राहतं घर. ते कधी घेतलं याला महत्त्व नाही. लग्नाआधी तुम्ही एकट्यानं फ्लॅट बुशला घर घेतलं, मग लग्न करून दोघं त्यात राहिलात आणि तीन वर्षं झाली, तर ते घर सामाईक. हा नियम बदलावा आणि वाढलेली किंमतच वाटावी, अशी शिफारस इथल्या लॉ कमिशननं २०१९ मध्ये केली होती, पण कायद्यात जुनाच नियम आहे. दुसरं, घरातलं सामान आणि घरच्या कामाची गाडी. तिसरं, लग्नानंतर दोघांपैकी कुणीही कमावलेलं: पगार, बचत, कामाची यूट, ड्रिल, नेलगन, सगळं. चौथं, किवीसेव्हर. त्यातला लग्नाच्या काळात जमलेला भाग सामाईक. अनेकांना वाटतं किवीसेव्हर आपल्या नावावर आणि पासष्टीपर्यंत अडकलेलं, म्हणजे सुरक्षित. तसं नाही.

स्वतंत्र ढिगात काय? लग्नाआधीची तुमची कामाची हत्यारं, लग्नाआधीची बचत, वारशानं मिळालेलं, कुणी तिसऱ्यानं तुम्हाला एकट्याला दिलेली भेट. ताईंनो, आईवडिलांनी लग्नात अंगावर घातलेलं सोनं तुमचं. पण एक सांभाळा. वारशाचे पैसे आले आणि ते जॉइंट खात्यात टाकून खर्चात मिसळले, किंवा राहत्या घराच्या कर्जात भरले, तर ते सामाईक होऊन बसतात. वाळूत सिमेंट एकदा कालवलं की पुन्हा वेगळं निघत नाही.

कर्जाचंही तसंच. घरासाठी, पोरांसाठी, दोघांच्या कामासाठी काढलेलं कर्ज सामाईक, मग सही एकाचीच का असेना. एकानं जुगारात घालवलं तर ते त्याचं त्याला. एक समजा, म्हणजे हिशोब डोक्यात बसेल. घर ९ लाख डॉलरचं, त्यावर कर्ज साडेसहा लाख. दोघांचं मिळून किवीसेव्हर ५५ हजार, यूट २० हजार, घरखर्चाचं कार्डावरचं देणं १५ हजार. सामाईक मालमत्ता झाली ९ लाख ७५ हजार. त्यातून कर्ज वजा, ६ लाख ६५ हजार. उरले ३ लाख १० हजार. प्रत्येकाला १ लाख ५५ हजार. घर कुणी ठेवायचं, कुणी कुणाला पैसे द्यायचे, हे नंतर ठरतं, पण आकडा असा निघतो.

तीन वर्षांपेक्षा कमी संसार असेल तर नियम बदलतो. मग कुणी किती भर घातली ते बघतात, आणि लग्नाआधीपासून एकाचं असलेलं घर सरसकट निम्मं होत नाही. म्हणून लग्नाची तारीख आणि वेगळं झाल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. वाटा ठरतो तो वेगळं झाल्या दिवसावर, पण वस्तूंची किंमत सहसा कोर्टात सुनावणी होते त्या वेळची धरतात.

भाड्यानं राहणाऱ्यांनी म्हणू नये की आपला काय संबंध. भाडेकरार एकाच्या नावावर असला तरी फॅमिली कोर्ट तो दुसऱ्याच्या नावावर करू शकतं, आणि स्वतःच्या घरात काही काळ एकालाच राहू द्या, असाही आदेश देऊ शकतं. "माझं घर आहे, नीघ" असं म्हणून रात्री बाईला पोरांसकट बाहेर काढायचा हक्क कुणालाच मिळत नाही. मारहाण असेल, किंवा माहेरून पैसे आण म्हणून छळ असेल, तर २०१८ च्या फॅमिली व्हायलन्स कायद्यात हुंड्यासाठीचा छळ नाव घेऊन लिहिलेला आहे. व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला आहे म्हणून सहन करत बसू नका. अशा बायकांसाठी इमिग्रेशनकडे वेगळा व्हिसा आहे. ऑकलंडमध्ये शक्ती ही संस्था आपल्याकडच्या बायकांसाठीच काम करते.

आता आपला खरा गुंता. आपण पैसे गावी पाठवतो. इथं काही न घेता तिकडं बांधतो. कलम ७ म्हणतं, जमीन आणि घर या स्थावर मालमत्तेत हा कायदा फक्त न्यूझीलंडमधल्या मालमत्तेला लागू. साताऱ्याचं घर, पुण्याचा फ्लॅट, कराडची जमीन, यांची वाटणी या कायद्यानं होत नाही. पण जंगम गोष्टी, म्हणजे भारतातल्या बँकेतली ठेव, शेअर, सोनं, कुठंही असल्या तरी हिशोबात येतात, जर दोघांपैकी एकाचं डोमिसाइल न्यूझीलंड असेल तर. डोमिसाइल म्हणजे कायमचं घर कुठं मानता ते, नुसता व्हिसा नाही. दोघंही वर्क व्हिसावर असाल आणि दोन-चार वर्षांनी परत जायचं असेल, तर हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, कारण सगळा हिशोब त्यावर फिरतो.

मग भारतात काय होतं? हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २७, फक्त लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल बोलतं. स्त्रीधन बाईचंच, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात पक्कं केलं. पोटगी मिळते. पण संसारात उभं केलेलं घर निम्मं, असा नियम नाही. बायकोला वाटा द्यायचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण पुढं त्याचा कायदा झाला नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, वेगळा करार केला नसेल तर निम्मी. म्हणजे दोडामार्गात जे मिळत नाही ते डिचोलीत मिळतं.

म्हणून माझं सांगणं असं, की दोघांच्या घामाचे पैसे जिथं जातात, तिथं दोघांची नावं लागली पाहिजेत. आठ वर्षं दोघांनी इथं राबायचं, सगळं गावाकडच्या एका नावावर ओतायचं, आणि उद्या मोडलं तर इथलं कोर्ट तिकडं पोचत नाही, तिकडचं कोर्ट नावाकडे बघतं. मधल्या मध्ये बाईची आठ वर्षं गेली. आणि हे पुरुषांवरही उलटतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून भावाच्या नावानं घेतात. उद्या भाऊ फिरला तर बेनामी कायद्यामुळे "पैसे माझे होते" म्हणून ती परत मागायचा दावाही करता येत नाही. इकडं बायको हिशोब मागेल, तिकडं जमीन भावाची, आणि तुम्ही दोन्हीकडून रिकामे.

बायकोचं नाव लावणं ही काही परदेशी फॅशन नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावोगाव शेतकऱ्यांनी आपणहून घरधनिणीच्या नावावर जमीन केली. पुढं १९९२ मध्ये सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची योजना सरकारनंही आणली. ज्यांच्या घरच्या मंडळी गावीच असतात, त्यांनी तलाठ्याकडे याची चौकशी करावी. राहतं घर किंवा फ्लॅट असेल तर महाराष्ट्रात बायकोला बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर नोंदणीचा खर्च. वीस वर्षं संसार करणाऱ्या माणसाला एवढं जड नाही.

आता कागदांचं. आपल्यात सवय असते की पंच बसवायचे, स्टॅम्प पेपरवर "देणं-घेणं मिटलं" असं लिहून सह्या घ्यायच्या. इथं तो कागद सहसा टिकत नाही. करार लेखी हवा, दोघांना वेगवेगळे वकील हवेत, वकिलानं सही समोर घेऊन तसं प्रमाणपत्र द्यायला हवं. असा करार लग्नाआधी, संसारात किंवा मोडल्यावर, कधीही करता येतो. बायकोला न समजणाऱ्या भाषेत कागद पुढं केला आणि "सही कर" म्हटलं, तर सही करू नका, ताई. आधी तुमचा स्वतःचा वकील.

मुदतीही लक्षात ठेवा. इथं घटस्फोटासाठी सहसा दोन वर्षं वेगळं राहावं लागतं. घटस्फोटाचा आदेश झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत मालमत्तेचा अर्ज करायचा. लग्न न करता राहत असाल तर वेगळं झाल्यापासून तीन वर्षं. आणि घर एकाच्याच नावावर असून तो विकेल अशी भीती असेल, तर त्या घराच्या टायटलवर हक्काची नोटीस नोंदवता येते. ती आहे तोवर घर परस्पर विकणं अवघड. वाटणी चुकवायला पैसे भावाच्या खात्यात वळवले, तर तो व्यवहारही कोर्ट रद्द करू शकतं.

अजून एक. लग्न गावी हिंदू पद्धतीनं झालं असेल आणि एकानंच इथं घटस्फोट घेतला, तर तो भारतात मानला जाईलच असं नाही. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे ठरवून दिलंय. त्यामुळं गावी दुसरं लग्न ठरवायच्या आधी तिकडच्या वकिलालाही विचारा.

घरी गेल्यावर करायचं काम थोडं आहे. दोघं बसा. एका वहीत लिहा: काय काय आहे, कुणाच्या नावावर, कधी घेतलं, पैसे कुठून आले. पैसे पाठवल्याच्या पावत्या, किवीसेव्हरचं स्टेटमेंट, सातबाराचा उतारा, दागिन्यांचे फोटो, सगळ्याच्या प्रती दोघांकडे असू द्या. साइटवर मेजरमेंट बुक नसेल तर बिल निघत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. वकील परवडत नसेल तर कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये सल्ला फुकट मिळतो, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्यूरोही रस्ता दाखवतो.

संसार टिकावा हीच सगळ्यांची इच्छा. माझा अनुभव असा की ज्या घरात ही वही उघडी असते, तिथं पैशावरून संशयही कमी असतो. आता चहा झालाय. प्रश्न असतील ते विचारा, आणि चारचौघांत नको असेल तर नंतर बाजूला येऊन विचारा.